नावाचा ठिकाणा कोणास विचारावा ?

रविवार पेठेतील आमच्या दुकानी वडिलांच्या वेळची काही छापील कोरी पत्रे अद्याप शिल्लक आहेत. त्यांवर पेढीच्या पूर्ण पत्त्याखाली एका शब्दाचा ‘तारेचा पत्ता’ छापलेला आहे. आमच्या वयाच्या सभासदांस त्याचा अर्थ सांगणे नको. तरुणांकरिता मात्र सांगतो. व्यापारी तारखात्याकडे फी भरून आपल्या पेढीसाठी एक आटोपशीर शब्द नोंदवीत असे. परगावच्या आडत्याने तो शब्द व पुढे ‘बेळगाव’ एवढे लिहिले की काम झाले. येथील कचेरीतला कारकून नोंदवही उघडून तो शब्द कोणाचा ते पाही आणि शिपाई तार घेऊन दुकानी येई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली व तो कारकूनही गेला, असे आम्ही समजत होतो. तो गेलेला नाही, हे आम्हांस गेल्या वर्षी कळले.

वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. रात्री घरच्या संगणकावर बसलो तो सरकारी संकेतस्थळ उघडेना, बँकेचे उघडेना, काहीच उघडेना. वायफायच्या पेटीवरील दिवे तर सर्व हिरवेगार. चिरंजीवांनी इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींस दूरध्वनी केला. तक्रार नोंदविली आहे, एवढे उत्तर मिळाले. तेवढ्यात अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू म्हणाला, “आजोबा, तार तुटलेली नाही. नोंदवही पाहणारा कारकून जागेवर नाही.” त्याने कोठेसे चार आकडे बदलले आणि दोन मिनिटांत सर्व काही सुरू झाले. विवरणपत्र वेळेत गेले.

आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. पण जी वस्तू घरात आहे तिचा हिशेब समजून घ्यावा, ही सवय धंद्याने लावली आहे. नातवाकडून समजले ते असे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. आपण टंकितो ते केवळ नाव. आरंभी यंत्रे थोडी होती, तेव्हा सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवीत असत. पसारा वाढला तसे ते निभेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वही अनेक ठिकाणी वाटून ठेवण्याची पद्धत योजिली. तिलाच डी. एन. एस. म्हणतात. घरचा संगणक प्रत्येक नाव प्रथम एका ठरलेल्या कारकुनास विचारतो, आणि तो कारकून सहसा इंटरनेट पुरविणाऱ्यानेच नेमलेला असतो. तो आपण निवडलेला नसतो. बहुतेकांस तो आहे हेही ठाऊक नसते.

तो बदलता येतो. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ हा सर्वांस खुला केला. क्वाड-नाइन या ना-नफा संस्थेने २०१७ मध्ये ९.९.९.९, आणि क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये १.१.१.१. तिन्ही विनामूल्य आहेत.

येथे आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी खरा व्यापारी प्रश्न केला : “जो फुकट तोलून देतो, तो काट्यात काय मारतो ?” प्रश्न रास्त आहे. ज्याला आपण ठिकाणे विचारतो त्याला आपण कोठे कोठे जातो हे कळते, आणि आजच्या बाजारात त्या माहितीस किंमत आहे. परंतु हाच प्रश्न ज्याला आपण दरमहा पैसे मोजतो त्यास का विचारू नये ? आमच्याकडे पूर्वी एखादे नाव चुकीचे टंकिले की ‘असे नाव नाही’ असे सरळ उत्तर येण्याऐवजी जाहिरातींचे पान उघडत असे. आमच्या चुकीवरही कोणी दलाली खात होता ! हा प्रकार मोठ्यांनीही केला आहे. ‘डॉट कॉम’ नावांची वही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये अस्तित्वात नसलेली सर्व नावे आपल्याच पानाकडे वळविली. जगभर ओरड झाली तेव्हा पुढील महिन्यात ते तिला मागे घ्यावे लागले.

तेव्हा आमचे मत असे की, कारकून नेमलेला असो वा निवडलेला, तो कोण आहे हे घरच्या कर्त्याने जाणून घ्यावे. मात्र कोणी सांगितले म्हणून कोणतेही आकडे भरू नयेत. डी. एन. एस. चेंजर नावाच्या एका दुष्ट प्रणालीने जगातील सुमारे ४० लाख संगणकांत गुपचूप स्वतःच्या कारकुनाचे आकडे घातले होते. नाव खरे विचारले तरी ठिकाणा ठगाचा मिळे. २०११ साली ती टोळी पकडली गेली. बँकेच्या नावाने भलत्याच दारी नेऊन सोडणारा कारकून ही चेष्टेची गोष्ट नव्हे.

तरुण मंडळी म्हणतात की आकडे बदलल्याने इंटरनेट दुप्पट वेगाने धावते. तसे काही नाही. ठिकाणा लवकर सापडला तरी रस्ता तोच, बैलही तेच. आपण कोठे जातो हे इंटरनेट पुरविणाऱ्यास मुळीच कळत नाही, हाही भ्रम आहे. गाडी त्याच्याच नाक्यावरून जाते.

आम्ही पुढे ८.८.८.८ काढून ९.९.९.९ घातला. ती संस्था विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवून ठेवीत नाही, आणि फसवणुकीची म्हणून माहीत असलेली ठिकाणे सांगण्याचेच नाकारते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ सोयीचा पडेल. तो अश्लील स्थळांचे पत्तेही देत नाही. दुसऱ्या रकान्यात त्याच पेढीचा दुसरा आकडा घालावा की वेगळ्या पेढीचा, याविषयी घरात वाद झाला. १४ जुलै २०२५ रोजी १.१.१.१ जगभर तासभर बंद पडला होता, हे चिरंजीवांनी दाखविले. उलट पेढी वेगळी घेतल्यास गाळणी सुटते, असे नातवाचे म्हणणे. आम्ही नातवाच्या बाजूने कौल दिला. पहिला आकडा अडला तर १४९.११२.११२.११२ हा त्याच संस्थेचा दुसरा आहे.

विंडोज ११ मध्ये हे काम सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या सदरात होते. आपली जोडणी उघडून डी. एन. एस. च्या ओळीतील ‘एडिट’ दाबावे, ‘मॅन्युअल’ निवडावे आणि आकडे इंग्रजी अंकांत भरावे. काही बिघडल्यास तेथेच पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ केले की पूर्वस्थिती येते.

आमच्या घरी संगणकाच्या पाठीमागे सूनबाईंनी एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर दोन्ही आकडे, बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याची सही आहे. कागद वडिलांच्या त्या छापील पत्राचा आहे. तारेचा पत्ता वर तसाच दिसतो.