खोडलेल्या खर्ड्याचे मोल

'रेसिडेंट ईव्हिल' हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम १९९६ साली गाजला. त्याचा पुढचा भाग बराचसा तयार झालेला असताना रद्द करण्यात आला. निर्माते शिंजी मिकामी यांना तो नीरस होईल असे वाटले. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी नव्याने आरंभ केला, नोबोरू सुगिमुरा यांनी कथा पुन्हा बांधली आणि १९९८ साली 'रेसिडेंट ईव्हिल २' आला. टाकून दिलेल्या आवृत्तीला पुढे '१.५' हे नाव पडले.

तिचे अपुरे नमुने उरले आहेत. त्यांत नायिका क्लेअर रेडफिल्ड नसून मोटरसायकलपटू एल्झा वॉकर आहे. पोलीस ठाणे आधुनिक, कचेरीवजा आहे. प्रसिद्ध झालेल्या खेळात तेच ठाणे जुन्या संग्रहालयाच्या वास्तूत गेले. निर्मात्यांना काय खटकले असावे, हे या बदलातून उमगते.

म्हणूनच हा खर्डा 'पूर्ण' करण्याचा चाहत्यांचा आग्रह मला पटत नाही. २०१३ साली प्रथम सर्वत्र पसरलेली प्रत मुळातली नव्हतीच. हौशी जीर्णोद्धारकांनी तीत फेरफार केले होते. त्यांचे प्रेम निःसंशय आहे, परंतु प्रक्षिप्त भाग कितीही सुबक असला तरी तो मूळ कर्त्याचा होत नाही. रिकाम्या राहिलेल्या खोल्या हीदेखील साक्षच आहे. हवी तर पूर्ती वेगळी करावी. मूळ प्रत मात्र अपुरीच जपावी.