अँटिबॉडीचा आकडा कमी आला म्हणून आतड्याचं औषध बंद करू नका

लस घेऊन महिना झाला की लॅबमध्ये जायचं, कोविड अँटिबॉडी टेस्ट करायची आणि आलेला आकडा फॅमिली ग्रुपवर टाकायचा, ही पद्धत करोनाच्या काळात घरोघरी पडली. ती अजून मोडलेली नाही. धडधाकट माणसाने हे केलं तर फार तर त्याचे पैसे वाया जातात. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असलेल्या रुग्णाच्या हातात हा कागद पडला की त्याचा परिणाम थेट आतड्यावर होऊ शकतो. "तुझा आकडा इतका कमी कसा? ती प्रतिकारशक्ती मारणारी औषधं सोड आधी," असं कोणीतरी सांगतं. सांगणारा बहुतेक वेळा नातेवाईक असतो आणि क्वचित, दुर्दैवाने, डॉक्टरही असतो.

आधी एक गोंधळ दूर करू. आयबीडी म्हणजे आतड्याचा दाह होणारे आजार; त्यात आतड्याला जखमा होतात, शौचावाटे रक्त पडतं. आयबीएस वेगळा. त्यात पोट त्रास देतं, पण जखमा नसतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही लागत नाहीत. आयबीएस असलेल्यांनी हा लेख वाचून घाबरण्याचं काही कारण नाही.

आता त्या आकड्याबद्दल. तो कमी येऊ शकतो, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ९२ रुग्णालयांतल्या सुमारे सात हजार आयबीडी रुग्णांचा 'क्लॅरिटी' नावाचा अभ्यास सुरू झाला. एका गटाला इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं. हे औषध सलाईनमधून देतात आणि ते सगळ्या शरीरातला दाह कमी करतं. दुसऱ्या गटाला वेडोलिझुमॅब चालू होतं, ज्याचं काम मुख्यतः आतड्यापुरतं असतं. पहिल्या गटात ३.४ टक्के रुग्णांच्या रक्तात करोनाच्या अँटिबॉडी सापडल्या, दुसऱ्यात ६ टक्के. यावरून कोणी म्हणेल की पहिल्या गटाला करोना कमी झाला. तसं नव्हतं. दोन्ही गटांत आजाराचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. ज्यांचा करोना पीसीआर तपासणीने सिद्ध झाला होता, त्यांच्यातही इन्फ्लिक्सिमॅबवरच्या ४८ टक्क्यांमध्येच अँटिबॉडी दिसल्या, वेडोलिझुमॅबवरच्या ८३ टक्क्यांमध्ये. म्हणजे आजार होऊन गेला, माणूस बराही झाला, तरी निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात त्याची खूण टेस्टला सापडली नाही.

लसीचंही तसंच. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये एका डोसनंतर अँटिबॉडी कमी तयार होतात. दुसऱ्या डोसनंतर बरीच भर पडते, पण पातळी तुलनेने खालीच राहते आणि लवकर उतरते. एकट्या वेडोलिझुमॅबने किंवा एकट्या अझाथायोप्रिनने असा मोठा फरक पडलेला दिसत नाही. पण अँटिबॉडी म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे. टी पेशी नावाची दुसरी फळी असते, ती या टेस्टमध्ये मोजलीच जात नाही. क्लॅरिटीच्या रुग्णांत लसीनंतरचा टी पेशींचा प्रतिसाद दोन्ही गटांत सारखा होता.

"मग आकड्याला काहीच अर्थ नाही का?" आहे, पण तो हजारो रुग्णांच्या गटाला. अँटिबॉडी कमी असलेल्या गटात लसीनंतरही संसर्ग थोडा जास्त झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच अनेक देशांनी अशा रुग्णांना जादा डोस दिला. तो देताना 'तुमचा आकडा किती' असं विचारलं नाही, 'औषध कोणतं चालू आहे' असं विचारलं. अमेरिकेच्या एफडीएने तर मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लसीनंतर संरक्षण किती आहे हे ठरवायला या टेस्ट वापरू नका. तरीही त्या आपल्याकडे पॅकेजमध्ये घालून विकल्या गेल्या. एका लॅबचा २०० आणि दुसऱ्या लॅबचा २०० हे एकच नसतात, एकक वेगळं, यंत्र वेगळं. त्यात काही टेस्ट विषाणूच्या स्पाइक भागाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात, काही आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या. कोविशील्ड घेतलेल्याने दुसऱ्या प्रकारची टेस्ट केली आणि त्याला करोना झालेला नसेल, तर उत्तर 'निगेटिव्ह'च येणार! लस फुकट गेली असं समजून रडणाऱ्यांना हे त्या काउंटरवर कोणी सांगत नाही.

आता औषध सोडल्यावर काय होतं ते पाहा. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उसळतो. दिवसाला दहा-बारा वेळा संडास, रक्त, वजन घटणं. मग उसळी शमवायला काय देतात? बहुतेक वेळा स्टिरॉइड. आणि २०२० मध्ये ३३ देशांतल्या ५२५ आयबीडी रुग्णांच्या नोंदींतून दिसलं ते असं, की गंभीर करोनाशी ठळकपणे जोडलेलं औषध स्टिरॉइड होतं. इन्फ्लिक्सिमॅबच्या वर्गातली औषधं नव्हेत. म्हणजे करोनाच्या भीतीने तुम्ही तुलनेने सुरक्षित औषध टाकता आणि जास्त धोक्याच्या औषधाकडे चालत जाता.

शिवाय इन्फ्लिक्सिमॅब मध्येच सोडून काही महिन्यांनी पुन्हा सुरू केलं, तर शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करण्याची शक्यता वाढते. मग ते लागू पडत नाही किंवा सलाईन चालू असताना रिअ‍ॅक्शन येते. करोनाच्या अँटिबॉडी वाढवायला निघालेल्या माणसाला ही भलतीच अँटिबॉडी मिळते, आणि आपल्याकडे या आजारासाठी परवडणाऱ्या औषधांची यादी काही फार लांब नाही.

तेव्हा तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझं औषध कोणत्या गटातलं आहे, लसीचा पुढचा डोस मला लागू होतो का, आणि ताप-खोकला आला तर पहिल्या दिवशी कोणाला फोन करायचा. प्रत्यक्ष करोना झाला तर काही औषधं थोडे दिवस थांबवावी लागू शकतात, पण कोणतं आणि किती दिवस हे तुमच्या पोटाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मेसालामाइनच्या गोळ्या सहसा चालूच ठेवतात. आणि प्रेडनिसोलोन अनेक आठवडे चालू असेल तर ते कोणाच्याही सांगण्यावरून एका दिवसात बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर मंदावलेलं असतं, रक्तदाब एकदम पडून जीव धोक्यात येऊ शकतो. त्याचा डोस टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवतात.