मशीन मुकं झालं तेव्हा

मी फ्रीलान्सर. पेमेंट कधी येईल हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. बाहेरची दोनशेची कॉफी रोज कोण पिणार? म्हणून आम्ही तिघी फ्लॅटमेट्सनी काँट्रिब्युशन काढून एक सेकंडहँड कॉफी मशीन घेतलं.

गेल्या महिन्यात त्याचा डिस्प्ले गेला. बाकी सगळं ओके. बिया दळायचं, घुरघुरायचं, पण हवंय काय ते सांगेना. नुसता लाल दिवा लुकलुकायचा आणि आम्ही अंदाजपंचे बटणं दाबायचो. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "मॅडम, डिस्प्ले वेगळा मिळत नाही, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल. साडेआठ हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या ना." बोटभर काचेसाठी! दोघी लगेच ईएमआयवर नवीन घ्यायला तयार. माझ्या खात्यात भाडं वगळून चार हजार होते. ते मी त्यांना सांगितलं नाही, उगाच पर्यावरणावर भाषण ठोकलं.

मग बिल्डिंगखालच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांना गाठलं. त्यांनी आधी प्लग काढलाय ना ते बघितलं, मशीन उघडलं, डिस्प्लेच्या सोळा पिना मोजल्या आणि हसले. "अगं, हा साधा सोळा बाय दोन आहे!"

म्हणजे दोन ओळी, प्रत्येकीत सोळा अक्षरं. तुमच्यातल्या इंजिनिअर मंडळींनी कॉलेज प्रोजेक्टला हाच लावला असणार. हिताचीची एचडी ४४७८० ही १९८०च्या दशकातली चिप. ती इतकी चालली की इतरांनीही तिचीच भाषा उचलली. त्यामुळे एका कंपनीचा डिस्प्ले दुसरीच्या जागी बहुतेक वेळा चालून जातो.

"लॅमिंग्टन रोडला जा," काका म्हणाले. "माप घेऊन जा. आणि पंधरा-सोळा नंबरच्या पिना बघून घे. त्या बॅकलाइटच्या, काहींमध्ये उलट असतात."

शनिवारी बोरिवलीहून ग्रँट रोड. तिसऱ्या दुकानात मिळाला, १८० रुपये. जुना हिरवा होता, हा निळा. चालतंय की!

काकांनी सोल्डरिंग केलं, प्लग लावला. निळा उजेड पडला, पण अक्षर एकही नाही. माझा चेहरा पडला. काका मात्र कूल. तीन नंबरची पिन काँट्रास्टची. तिथला जुना रेझिस्टर नव्या डिस्प्लेला मानवत नव्हता. प्लग पुन्हा काढून त्यांनी तो बाजूला केला आणि दहा किलोओहमचा प्रीसेट बसवला. मग मला लांब उभं करून तो स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू फिरवला. आधी पांढरे चौकोन उमटले, मग त्यांतून अक्षरं सुटी झाली. 'डीस्केल'. बिचारं इतके दिवस हेच ओरडत होतं, आतले क्षार साफ करा म्हणून!

रविवारी ते काम उरकलं आणि पहिला कप काकांना नेऊन दिला. त्यांनी त्यात तीन चमचे साखर घातली.