रिमेक की जीटी?

'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि ते मिटायची काही चिन्हं नाहीत. खरा बार्नाबस कोणता? १९६७ चा जोनाथन फ्रिड, १९९१ चा बेन क्रॉस की २०१२ चा जॉनी डेप? आपल्या हॉस्टेलवर बहुतेकांना फक्त डेपचा सिनेमा माहीत असतो, त्यामुळे आपलं मत आधीच ठरलेलं! पण मित्रांनो, मला वाटतं की या भांडणात सगळे नटाबद्दलच बोलतात आणि मुख्य मुद्दा बाजूलाच राहतो.

आधी थोडी ओळख. 'डार्क शॅडोज' ही डॅन कर्टिसची मालिका. २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात ती एबीसी वाहिनीवर सोमवार ते शुक्रवार, दुपारी लागायची. एकूण भाग १२२५. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक गाव, तिथला कॉलिनवूड हा जुना वाडा, आणि तिथे मुलाला शिकवायला आलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ मुलगी. सुरुवातीला प्रतिसाद यथातथाच होता. मग भुतं आली. आणि एप्रिल १९६७ मध्ये, दागिन्यांच्या लोभाने विली लूमिस नावाच्या माणसाने साखळ्यांनी बांधलेली एक शवपेटी उघडली आणि आतून बाहेर आला बार्नाबस कॉलिन्स. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं कोंडलेला रक्तपिशाच्च.

गंमत म्हणजे हे पात्र काही आठवड्यांपुरतंच होतं. नंतर त्याला संपवायचं असा बेत होता. पण प्रेक्षकांना तो इतका आवडला की त्याला ठेवावंच लागलं. आता रोज दिसणारा माणूस रोज नुसते गळे कसे चावणार? मग लेखकांनी त्याला अपराधीपणा दिला, जुनं प्रेम दिलं, माणूस व्हायची धडपड दिली. आज सिनेमात आणि मालिकांत जो हळवा, पश्चात्ताप करणारा व्हॅम्पायर सगळीकडे दिसतो, त्याचा एक मोठा पूर्वज असा निव्वळ गरजेतून तयार झाला. आधी कुणी ठरवलं नव्हतं!

मूळ मालिकेच्या कट्टर चाहत्यांचं म्हणणं असतं की रिमेक करूच नयेत. मला हे पटत नाही. पहिला 'रिमेक' तर खुद्द डॅन कर्टिसनेच केला! मालिका चालू असतानाच १९७० मध्ये त्याने 'हाऊस ऑफ डार्क शॅडोज' हा सिनेमा काढला. त्यात तोच फ्रिड, पण हा बार्नाबस क्रूर आणि शेवटी तो मरतो. १९९१ ची एनबीसीवरची मालिकाही कर्टिसचीच. ती सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आखाती युद्ध पेटलं. बातम्यांपायी वेळापत्रक कोलमडलं आणि बारा भागांत मालिका बंद झाली. २००४ मध्ये पुन्हा एक पायलट भाग तयार झाला, पण तो प्रसारितच झाला नाही. थोडक्यात काय, ज्याने ही गोष्ट जन्माला घातली तोच ती पुन्हा पुन्हा सांगत होता. मग आपण त्यावर बंदी घालणारे कोण?

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, मूळ मालिका आता बघवत नाही. ती लाइव्हसारखी सलग चित्रित व्हायची आणि चूक झाली तरी सहसा रिटेक नसायचा. त्यामुळे फ्रेममध्ये माइक डोकावतो, भिंती हलतात, नट वाक्यं विसरतात. सगळं खरं आहे. पण एकांकिका केलेल्यांना विचारा. समोरचा अडखळला की त्याला सांभाळून घेताना जो ताण येतो, तो प्रेक्षकांपर्यंत पोचतोच. फ्रिड मूळचा रंगभूमीवरचा नट. तो वाक्य आठवायला थांबतो आणि आपल्याला वाटतं, बार्नाबस अस्वस्थ आहे!

आता आपल्या भाषेत सांगतो. फर्स्ट इयरला ड्रॉइंगची शीट जीटी मारतात, म्हणजे काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि खाली ट्यूबलाइट. (सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजू या.) जीटीची शीट दिसायला मूळ शीटपेक्षाही स्वच्छ असते. नसतात त्या कन्स्ट्रक्शन लाइन्स. कुठून प्रोजेक्शन घेतलं, कुठे खोडलं, काही दिसत नाही. व्हायव्हाला 'ही रेघ इथे का आली?' असं विचारलं की संपलं.

टिम बर्टनचा २०१२ चा सिनेमा मला तसा वाटतो. बर्टन आणि डेप दोघंही लहानपणापासून या मालिकेचे चाहते, त्यामुळे प्रेमाबद्दल शंका नाही. फ्रिडला त्यांनी एका छोट्या प्रसंगात मानाने बोलावलं. सिनेमा लागायच्या महिनाभर आधी, एप्रिल २०१२ मध्ये तो वारला. पण हिशोब बघा. मूळ मालिकेत बार्नाबस एप्रिलमध्ये आला आणि त्याला शाप कसा लागला हे सांगायला नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी अख्खी मालिका १७९५ सालात गेली आणि तिथे काही महिने राहिली. सात महिने प्रेक्षक या माणसाला घाबरत होते, मग त्यांना त्याची दया आली. सिनेमात हा शाप सुरुवातीच्या काही मिनिटांतच उरकतो. भीती वाटायच्या आधीच दया करा म्हणतात. मग उरतात फक्त विनोद.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रिमेक जरूर करा. १९६६ मध्ये शाळेतून धावत घरी येऊन टीव्ही लावणारी मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. गोष्ट पुन्हा कुणी सांगितलीच नाही, तर ती त्यांच्याबरोबरच संपेल. पण करणाऱ्याने लांडग्याच्या मुठीची काठी आणि कपाळावरच्या बटा यांची नक्कल करू नये. गोष्टीला वेळ द्यावा, आणि काही आठवड्यांपुरतं आणलेलं एखादं पात्र अचानक जिवंत झालं, तर बेत बदलायची तयारी ठेवावी. तसा रिमेक झाला आणि त्यातला बार्नाबस फ्रिडसारखा अजिबात दिसला नाही, तरी मी तो पहिल्या भागापासून बघेन.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, डेपचा सिनेमा बघून 'जुनी मालिका बकवास' असं ठोकून देण्याआधी निदान शवपेटी उघडते तिथपासूनचे दहा भाग बघा. मग या भांडायला. मेसमध्ये रात्री आठनंतर मी असतोच!