पहिला रुपया भिंतीवर

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जो कोणी फेरफटका मारील, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही, ती ही की ज्याला आपण होम थिएटर म्हणतो त्याचा सारा व्यवहार आकड्यांवर चालतो. पाच स्पीकर असलेल्यास सात घेण्याची गळ घातली जाते, सात असलेल्यास छतात आणखी चार बसवण्याचा आग्रह होतो, शंभर वॉटांच्या जागी दोनशे वॉटांचा ॲम्प्लिफायर सुचवला जातो, आणि ग्राहक खिशात हात घालू लागला की सोनेरी टोकांच्या तारा काउंटरवर मांडल्या जातात. संच घरी येतो, वायरमन जोडणी करून जातो, आणि पहिल्याच रात्री असे आढळते की गाणे सुरू झाले म्हणजे शोकेसच्या काचा थरथरतात, परंतु नायिका दोन शब्द हळू बोलली की घरातील वडीलधारी मंडळी ‘काय म्हणाली ती?’ असे एकमेकांस विचारू लागतात. मग उरलेला चित्रपट रिमोट हातात धरून, आवाज कमी-जास्त करीत पाहिला जातो.

माझे स्पष्ट मत असे आहे की यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. खर्चाचा क्रम तेवढा उलटा लागलेला असतो. ध्वनी सुधारण्याची ज्याला मनापासून इच्छा आहे त्याने पहिला रुपया खोलीवर, दुसरा समोरच्या तीन स्पीकरांवर आणि तिसरा सबवूफरवर खर्च करावा, व त्यातून काही शिल्लक राहिलेच तर ॲम्प्लिफायर, तारा आणि छतातील चैन यांचा विचार करावा. बाजारात हा क्रम शेवटाकडून सुरू होतो, आणि त्याचे कारण उघड आहे: खोली कोणत्याही दुकानदाराला खोक्यात घालून विकता येत नाही.

आपला आजचा हॉल कसा असतो? खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, एका अंगाला सरकत्या काचांची खिडकी. पूर्वीच्या दिवाणखान्यात सतरंजी, लोड-तक्के, जाड पडदे आणि पुस्तकांची कपाटे असत. ती सर्व सुटसुटीतपणाच्या नावाखाली हद्दपार झाली, आणि त्यांच्याबरोबर ध्वनी शोषून घेणारे जवळजवळ सर्व पदार्थही गेले. विजापूरच्या गोलघुमटात बोललेला शब्द पुन्हा पुन्हा कानी येतो तेव्हा प्रवाशास कौतुक वाटते; तोच गुण अल्पांशाने आपल्या हॉलमध्ये उतरला की तो संवादांच्या मुळावर येतो, कारण आधीच्या शब्दाची शेपटी हवेत रेंगाळत असतानाच पुढचा शब्द येऊन तिच्यावर आदळतो.

हे काही नवे शोध नव्हेत. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह इतके घुमत असे की वक्त्याचे बोलणे समजेना, म्हणून त्यावर उपाय शोधण्याची कामगिरी वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे सोपवण्यात आली. रिकाम्या गृहात ध्वनी साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने सँडर्स थिएटरमधील आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची नळी वाजवून नाद विरेपर्यंतचा काळ मोजावा आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवाव्यात, असा उद्योग दीर्घकाळ चालवला. त्यातून असा नियम निघाला की ध्वनी रेंगाळण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तिच्यातील एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बॉस्टनचा १९०० साली उघडलेला सिंफनी हॉल याच हिशेबाने बांधला गेला, आणि आजही त्याची गणना जगातील उत्तम संगीतगृहांत होते.

तोच हिशेब आपल्या घराला लावून पाहावा. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच अशा हॉलचे घनफळ सुमारे ५१ घनमीटर, आणि भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठभाग सुमारे ८४ चौरस मीटर होतो. हे पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या ध्वनीपैकी शेकडा पाचच भाग शोषतात असे धरले, तर ध्वनीची शक्ती दशलक्षांशावर येण्यास जवळजवळ २ सेकंद लागतात. उलट गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा आणि भरलेली पुस्तकांची कपाटे यांच्या बळावर शोषण चौपट केले, तर तो काळ अर्ध्या सेकंदावर येतो. दीड सेकंदाचा हा फरक कोणताही नवा ॲम्प्लिफायर पाडू शकत नाही. ज्यास आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. टाळीमागोमाग धातूच्या पत्र्यासारखी झणझण ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती ध्वनीची चेंडूफळी खेळत आहेत असे समजावे.

कोणत्या भिंतीचा कोणता भाग झाकावा, हे ठरवण्यास एक आरसा पुरतो. आपण नेहमीच्या जागी बसावे, दुसऱ्या कोणी तो आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून हळूहळू पुढे सरकवावा, आणि ज्या ठिकाणी आरशात समोरचा स्पीकर दिसेल तेथे खुणेची रेघ ओढावी. स्पीकरापासून निघालेला ध्वनी भिंतीवर आपटून आपल्या कानाकडे वळतो तो नेमका याच जागी. तेथे पुस्तकांचे कपाट सरकवावे, किंवा लाकडी चौकटीत दोन ते चार इंच जाडीची ग्लासवूल भरून वरून कापड ताणलेले पॅनेल टांगावे. शेजारच्या गल्लीतला सुतार आणि सोफे शिवणारा कारागीर मिळून ते सहज करून देतील. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची जी एक वहिवाट नवशिक्यांत पडली आहे, तिने भिंतीची शोभा जाते आणि ध्वनीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

खोलीनंतर पाळी येते ती समोरच्या स्पीकरांची, आणि त्यांतही मधल्याची. चित्रपटातील बहुतेक संवाद सेंटर स्पीकरातूनच येतात, तथापि आपल्याकडे त्याच्याइतकी हेळसांड दुसऱ्या कोणाची होत नाही. टीव्हीखालच्या युनिटच्या कप्प्यात तो आत खोल सारलेला असतो, त्याच्यापुढे सेट-टॉप बॉक्स आणि गणपतीची लहानशी मूर्ती विराजमान असते, आणि त्याचे तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे असते. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढावा, खाली रबराचा तुकडा देऊन कानांच्या रोखाने किंचित वर कलवावा; या सुधारणेस एक पैसा लागत नाही. त्याचबरोबर रिसीव्हरबरोबर आलेला मायक्रोफोन, जो बहुधा पिशवीतून बाहेरही निघालेला नसतो, तो बसण्याच्या जागी कानांच्या उंचीवर ठेवून यंत्राला प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी मोजू द्यावी. चित्रपटगृहाच्या ध्वनिमिश्रणात सरासरी पातळी ८५ डेसिबल आणि एकेका मुख्य स्पीकरचे शिखर १०५ डेसिबल असे गृहीत धरलेले असते. घरी इतक्या मोठ्याने कोणी ऐकत नाही, म्हणून हळू बोलणे पंख्याच्या घरघरीत बुडते. रात्रीच्या वेळी ही दरी कमी करणारा ‘नाइट मोड’ चालू करण्यात कसलाही कमीपणा नाही, मग शुद्धतावादी मंडळी काहीही म्हणोत. एवढे करूनही संवाद अस्पष्ट राहिले, तर मात्र चांगला सेंटर स्पीकर विकत घ्यावा, आणि तो डाव्या-उजव्या स्पीकरांच्या मालिकेतलाच असावा, नाहीतर पात्र पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे चालत गेले की त्याचा कंठच बदलतो.

खर्जाचे शास्त्र अगदी निराळे आहे. ८० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे सव्वाचार मीटर लांब असते आणि २० हर्ट्झची १७ मीटर. असल्या लहरी गालिचा आणि पडदा यांची दखलच घेत नाहीत. खोलीच्या लांबीत अर्धी लहर नेमकी बसली की ती तेथे ठाण मांडते: १५ फुटांच्या लांबीत सुमारे ३८ हर्ट्झला, १२ फुटांच्या रुंदीत सुमारे ४७ हर्ट्झला. परिणामी भिंतीला टेकून बसलेल्या मामांच्या छातीत ढोल वाजतो, तर खोलीच्या ऐन मध्यभागी खुर्ची टाकून बसलेल्या भाच्याला तोच स्वर जवळजवळ ऐकू येत नाही, आणि दोघेही आपापल्या परीने सबवूफरला दोष देतात. येथे नवा व मोठा सबवूफर आणण्याआधी जागा बदलून पाहावी. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जातील स्वर सावकाश चढत जाणारी चाचणी लावावी, आणि आपण स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत जावे. ज्या ठिकाणी सर्व स्वर सारख्याच वजनाने ऐकू येतील, तीच त्याची जागा. (घरातील मुलांना हा कार्यक्रम चित्रपटापेक्षा अधिक रंजक वाटतो, ही गोष्ट अलाहिदा.) खर्च करायचाच असेल, तर एका अवाढव्य सबवूफरपेक्षा मध्यम आकाराचे दोन, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले, अधिक हितकर, कारण त्या जागी ते खोलीच्या काही हट्टी लहरी परस्परांत जिरवून टाकतात आणि एकाऐवजी तीन-चार बसणाऱ्यांना सारखा खर्ज मिळतो. खर्ज स्लॅबमधून खाली उतरतो, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, याची आठवण सोसायटीच्या सचिवाने करून देईपर्यंत वाट पाहू नये.

ॲम्प्लिफायरविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल. एके काळी खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॉट छापले जात, आणि त्या आकड्यांचा वस्तुस्थितीशी काडीचाही संबंध नसे. ती कैफियत आता बरीच मागे पडली असली, तरी वॉटांचा मोह कायम आहे. शंभराचे दोनशे वॉट केले, तर पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. ध्वनी दुप्पट मोठा भासण्यास शक्ती सुमारे दसपट लागते. त्याच पैशात ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम स्पीकर मिळाला, तर ॲम्प्लिफायर न बदलता तोच लाभ होतो. तारांची बाब तर याहून क्षुल्लक आहे: घरातील प्लगांसाठी वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आपल्या हॉलच्या अंतरास पुरून उरते. छतातील स्पीकर ही खरोखरच आनंदाची वस्तू आहे, पण घुमणाऱ्या खोलीत ते बसवणे म्हणजे गळक्या रांजणात आणखी एक नळ सोडणे होय.

आपण हे सर्व ऐकून घेतो आणि तरीही मोठ्या खोक्याकडे ओढले जातो, त्याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआड ऐकवले. स्पीकर दिसत असताना आकार, किंमत आणि नाव यांचा निकालावर प्रभाव पडला, आणि विशेष म्हणजे स्पीकरची जागा बदलल्याने होणारा खरा फरक श्रोत्यांना कमी जाणवला. दुकानातील प्रात्यक्षिक नेहमी उघड्यावरच होते, तेही जाड गालिचा घातलेल्या खोलीत. तेव्हा तेथला निकाल आपल्या घरी लागू पडेल अशी खातरजमा कोणीही देऊ शकत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की हॉल ही साऱ्या घराची जागा आहे, तेथे पाहुणे बसतात, जेवणे होतात, मुले अभ्यास करतात. तेथे प्रयोगशाळा कशी उभारावी? आक्षेप रास्त आहे, आणि भाड्याच्या घरात तर भिंतीला खिळा ठोकण्यासही मालकाची परवानगी लागते. पण मागितले आहे ते फारसे नाही: एक जाड गालिचा, अस्तर लावलेले पडदे, खुणेच्या जागी पुस्तकांचे कपाट. ज्याच्यापाशी आज टीव्हीखेरीज काहीच नाही, त्याने अर्थातच आधी दोन बरे स्पीकर किंवा साउंडबार घ्यावा. पण ज्याच्यापाशी संच आहे आणि आणखी पन्नास हजारांची तरतूद आहे, त्याने त्यातला एक चतुर्थांश खोलीसाठी काढून ठेवल्याखेरीज बाजाराची पायरी चढू नये.

आणि चढलीच, तर हॉलची लांबी, रुंदी व उंची एका चिठ्ठीवर लिहून बरोबर न्यावी, आणि विक्रेत्यास वॉट विचारण्यापूर्वी एवढे विचारावे की माल घरी लावून आठ दिवस ऐकल्यावर पसंत न पडल्यास बदलून मिळेल काय. ही अट जो पावतीवर लिहून देईल, त्याच्याकडूनच खरेदी करावी.