बाराव्या खेळाडूचे मोल

आयपीएलचा लिलाव आला की आपल्याकडे चर्चा एकच: कोणाला किती कोटी मिळाले? संघाची खरी परीक्षा मात्र त्यांतले दोघे-तिघे खेळायला नसतात तेव्हा होते.

उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. जून 2022 मध्ये बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. समोर 41 वेळा करंडक जिंकलेली मुंबई, आणि आपले आवेश खान व व्यंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर गेलेले. मुंबईने 374 धावा केल्या. उत्तरात यश दुबे 133, शुभम शर्मा 116 आणि रजत पाटीदार 122 यांच्या जोरावर मध्य प्रदेशने 536 केल्या आणि सामना सहा गडी राखून जिंकला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. 1998-99 मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते.

पाटीदारला तर त्या वर्षी आयपीएलच्या लिलावात कोणी घेतले नव्हते. बंगळुरूचा एक खेळाडू जखमी झाला, बदली म्हणून याला बोलावले, आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध त्याने नाबाद 112 धावा केल्या. 2025 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली.

बँकेत आम्हाला ठरावीक काळाने टेबल बदलून देत. कुरकुर व्हायची, पण कॅशियर रजेवर गेला म्हणून काउंटर बंद राहत नसे. खेळातही तसेच आहे. राखीव खेळाडू नुसत्या नेटमधल्या सरावाने तयार होत नाही, त्याला सामने मिळावे लागतात.

इथेच आपली अडचण आहे. 2024 मध्ये मध्य प्रदेश लीग सुरू झाली तेव्हा ग्वाल्हेर, जबलपूर, भोपाळ, रीवा आणि माळवा असे पाच संघ होते. निमाडच्या नावाचा एकही नव्हता. नव्या स्पर्धेत सगळ्यांना जागा देता येत नाही, हे मान्य. पण बऱ्हाणपूर, खंडवा, खरगोनच्या मुलाला मोठे सामने खेळायचे तर इंदूरचीच वाट धरावी लागते. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च आणि वर दहावीची परीक्षा. मग बहुतेक घरांत बॅट माळ्यावर जाते. राज्याच्या राखीव फळीतली एक जागा अशी गुपचूप रिकामी होते.

लीगचे संघ ठरवणे आपल्या हातात नाही. मंडळाचे उन्हाळी सामने मात्र आहेत. त्यांत एक साधा नियम करावा: आज जो बाहेर बसला, तो उद्याच्या सामन्यात खेळणारच. एखादा सामना हरू, हरकत नाही. पण पुढच्या वर्षी आपल्याकडे अकराऐवजी सोळा खेळाडू तयार असतील.