गेट की नीट?

गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे पोरगा. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच म्हणाला, "दादा, खरं सांग. गेट देऊ का नीट? घरी बोललो नाही अजून. मावशीले सांगू नको."

मी हसलो नाही. हाच प्रश्न घेऊन २०१८ च्या दिवाळीत मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो होतो आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बाबांसमोर म्हणायची वाक्यं पाठ करत होतो.

आमच्या अकोल्यात बारावीला पीसीएमबी घेणं म्हणजे घरात इन्व्हर्टर ठेवण्यासारखं. असू द्या, लागलं तर! मी २०१६ चा. सीईटीला दोन्ही ग्रुप दिले, मेडिकल थोडक्यात हुकलं, इंजिनिअरिंगला लागलो. तोष्णीवाल लेआउटच्या ट्यूशनमध्ये माझ्यासारखे ढिगानं होते.

असो. भावाला आधी हिशोब सांगितला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची नीटमध्ये किंमत शून्य. अमेरिकेत पदवी घेऊनच मेडिकलला जातात, आपल्याकडे तुम्ही बारावीच्या पोरांशेजारी बसायचं. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ३६० बायोलॉजीचे. गणित नाहीच. परीक्षेला वीस लाखांच्या वर मुलं. पुढे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी सीट असेल तर वर्षभराचा बाँड. मग एमडी तीन वर्षं. म्हणजे बत्तिशी गाठली, तीही एकही अटेम्प्ट वाया न जाता. आणि सरकारी सीटच पाहिजे, कारण काका चार वर्षांत रिटायर होताहेत. त्या मानाने गेट देऊन एम.टेक. म्हणजे दोन वर्षं, वर महिन्याला १२,४०० रुपये हातात.

हे सगळं ऐकून कोणीही म्हणेल, आधी गेट दे बाबा, सेफ राहा. मला हे पटत नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, नीटचा त्याच वर्षापुरता. नोकरी करतानाही गेट देता येते. बारावीची बायोलॉजी मात्र दरवर्षी डोक्यातून थोडी थोडी पुसली जाते. शिवाय सेफ बाजू धरली की ती सोडवत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. म्हणून डॉक्टरच व्हायचं असेल तर नीट आधी. आणि दोन्ही एकदम तर अजिबातच नको.

पण व्हायचंय का, हा खरा मुद्दा. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. त्यावर ॲनाटॉमी हा काही उपाय नाही :) म्हणून त्याला विचारलं, बायोमेडिकलमध्ये एम.टेक. चालेल का? २०२० पासून गेटला तो पेपर आहे, आयआयटी मुंबईत विभाग आहे. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मशीन नाही बनवायची मले. पेशंट पाह्यचे हायेत."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच्यासाठी एक बरं आहे. वयाची अट २०२२ मध्ये गेली. बारावीला बायोलॉजी नसलेल्यांनाही २०२३ पासून जादा विषय म्हणून ती देता येते. अकोल्याचं सरकारी मेडिकल २००२ पासून आहेच, २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलढाण्यालाही झालं. म्हणजे नियमांमागे लपायची सोय फारशी उरली नाही.

मी लपलो होतो. त्या दिवाळीत बाबा एवढंच म्हणाले, "शिक, पैशाचं पाहू." मी फॉर्म भरला, जुन्या वह्या काढल्या आणि परीक्षेला गेलोच नाही. सगळ्यांना सांगितलं की घरची परिस्थिती नव्हती. बाबांसमोरसुद्धा तेच बोललो आणि ते ऐकून घेत राहिले. खरं म्हणजे माझ्या ट्यूशनची पोरं तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मला त्यांचा ज्युनिअर व्हायची लाज वाटली. नंतर कॅम्पसमध्ये नोकरी लागली. नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. पण बाबांच्या नावावर खपवलेलं ते कारण अजून टोचतं.

हे भावाला सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. मग म्हणालो, मागच्या वर्षीचा नीटचा बायोलॉजीचा भाग घड्याळ लावून सोडव, काही न वाचता. किती पडले ते खरं सांग आणि मग काकांशी बोल, मी येतो सोबत.

आज शनिवार. अजून फोन नाही.